भिंतीतल्या मुंग्या: रांग मारू नका, तिच्याकडून काम करून घ्या

ओटा लख्ख पुसलेला, साखरेचा डबा घट्ट बंद, खरकटं रात्रीच बाहेर गेलेलं. तरी सकाळी मिक्सरच्या स्विचबोर्डाच्या कडेतून बारीक मुंग्यांची रांग निघालेली असते. असं रोज व्हायला लागलं की समजावं, या मुंग्या बाहेरून येत नाहीत, त्या भिंतीतच राहतात. मग कितीही पुसा, खडूच्या रेघा ओढा, डबे पाण्याच्या परातीत ठेवा, दोन दिवसांनी त्या दुसऱ्या फटीतून हजर.

आपण दिसणाऱ्या मुंग्यांशी भांडत बसतो. रांगेत दिसतात त्या अन्न आणायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या, वसाहतीचा थोडासाच भाग. राणी, अंडी, अळ्या सगळं आत. राणी शाबूत असेपर्यंत बाहेरच्या मुंग्या मारून काही साधत नाही, कारण नव्या तयार होतच राहतात. भिंतीत आपला हात पोचत नाही, पण मुंगीचा पोचतो. म्हणून खालची सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे: विष मुंग्यांनीच आत न्यायचं, आणि ते नेईपर्यंत आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं.

आधी ओळख पटवा

पहिली शंका वाळवीची काढून टाका. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे आले, भिंतीतून निघाले, की घाबरगुंडी उडते. पण पंख मुंग्यांनाही फुटतात. एक किडा पकडून नीट बघा. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकल्यासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंगी. शरीर सरळ एकसारखं, मिशा मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या असतील तरीही वाळवीच. तिचा इलाज वेगळा, हा लेख तिच्यासाठी नाही.

आता मुंगी कोणती ते पाहू. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंतीत मुक्काम करणाऱ्या मुख्यतः दोन, दोन्ही बारीक. एक पिवळसर तपकिरी, जेमतेम २ मिलिमीटरची, पोटाचं टोक जरा गडद. ही फॅरो मुंगी. दुसरी तिच्याहूनही लहान, डोकं काळसर आणि पोट-पाय इतके फिकट की पांढऱ्या टाइलवर फक्त डोकीच चालल्यासारखी दिसतात. हिला घोस्ट अँट म्हणतात. चिरडून वास घेतला तर खवट खोबऱ्यासारखा येतो. स्विचबोर्ड, वायरिंगचे पाइप, पोकळ टाइलमागची जागा, चौकटीमागची फट अशा चिमूटभर जागेत दोघींचा संसार मावतो.

लांब पायांची, गडद, रांग सोडून सैरावैरा पळणारी मुंगी बहुतेक बाहेरून, कुंडीखालून किंवा गॅलरीच्या कोपऱ्यातून येते. चावली की आग होते ती लालसर मुंगी जमिनीतली. ती तळमजल्यावर, बैठ्या घरात, फरशीच्या सांध्यातून वर येते आणि सांध्यावर भुसभुशीत मातीचा लहानसा ढीग टाकते. मोठे काळे मुंगळे दिसले तर भिंत फोडायचा विचारही करू नका. त्यांचं घर साधारणपणे बाहेर झाडाच्या बुंध्याशी, मातीत असतं. त्यांच्या मागावर बाहेर जा.

स्प्रेचा डबा माळ्यावर टाका

दिसली रांग की मार फवारा, ही सवय इथे उलटते. फॅरो मुंगी आणि घोस्ट अँट यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने रांग मरते, पण धोक्याची चाहूल लागली की आतल्या मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून, एखादी राणी सोबत घेऊन भिंतीतच दुसरीकडे बिऱ्हाड हलवतात. आधी एका बोर्डातून येणाऱ्या मुंग्या मग तीन बोर्डांतून येतात. ‘पेस्ट कंट्रोल केलं आणि मुंग्या वाढल्या’ अशी तक्रार सोसायटीत हमखास ऐकू येते, त्यात तथ्य असतं ते असं.

खडूचंही तेच. त्यात स्प्रेसारखंच कीटकनाशक असतं. रेघ ओलांडणारी मुंगी मरते किंवा मागे फिरते आणि रांग वाट बदलते. कपाटाच्या पायाला रेघ ओढायची तर ओढा, पण भिंतीतली वसाहत त्याने जात नाही. पुढे सांगितलेलं आमिष, म्हणजे विष कालवलेलं खाद्य, ठेवलेल्या भागात तर रेघ नकोच.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. हळद, हिंग, दालचिनी, कापूर यांनी मुंग्या त्या जागेपुरत्या टळतात, मरत नाहीत. व्हिनेगरने किंवा साबणाच्या पाण्याने पुसलं की त्यांनी वाटेवर सोडलेला वास जातो आणि रांग थोडा वेळ भांबावते, बस. रवा खाऊन मुंग्या फुगून मरतात हे तर निव्वळ ऐकीव. पूर्ण वाढलेली मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही. ती कण उचलून आत नेते, अळ्यांना भरवते आणि स्वतः रसावर जगते. तुमचा रवा म्हणजे त्यांच्या पोराबाळांचं जेवण.

रॉकेल किंवा पेट्रोल भोकात ओतणारेही भेटतात. त्या भोकामागे वायर असू शकते, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि एखाद्या जुन्या दुकानात ‘गॅमेक्सिन’ मागून बघावंसं वाटलं, तर ते सोडून द्या. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी ही कीटकनाशक पावडर. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे आणि त्याच कुळातल्या लिंडेनचा वापरही २०१३ पासून बंद आहे.

माग काढा

यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. जाड कागदाच्या तुकड्यावर थोड्या अंतराने तीन गोष्टी लावा: साखरेच्या पाण्याचा थेंब, शेंगदाण्याच्या कुटाची तेलात कालवलेली चिमूट, आणि चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक. तुकडा रांगेच्या बाजूला ठेवा आणि तासाभराने बघा गर्दी कशावर आहे. या मुंग्यांची आवड बदलते. आत अळ्या खूप असतील तेव्हा त्यांना प्रथिनं आणि तेलकट लागतं, एरवी गोड. गेल्या खेपेला गोडावर तुटून पडल्या म्हणून या वेळीही पडतीलच असं नाही. म्हणून ही चाचणी दर वेळी करायची.

मग परतणाऱ्या मुंग्यांवर नजर ठेवा. साखरेचं पाणी प्यायलेल्या मुंगीचं पोट टॉर्चच्या तिरप्या उजेडात चक्क पारदर्शक, टम्म दिसतं. ती इकडेतिकडे न रेंगाळता सरळ घरी जाते. ती जिथे गुडूप होते तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. रात्री उशिरा, स्वयंपाकघर शांत झाल्यावर हे जास्त चांगलं दिसतं.

पाहायच्या जागा म्हणजे स्विचबोर्डाच्या प्लेटची कड, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, ओट्याचा दगड आणि भिंतीच्या टाइल यांचा सांधा, खिडकीच्या अॅल्युमिनियम फ्रेमभोवतीचं सुटलेलं सिलिकॉन, दाराच्या चौकटीची खालची टोकं, स्कर्टिंग, एसीच्या नळीचं भोक. टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव टाइलचा आवाज बसका येतो, मागे पोकळी असेल तर ‘ठक्’ असा मोकळा. कुठल्या फटीखाली वाळूचा, प्लास्टरचा बारीक भुगा रोज नव्याने पडत असेल तर ते बहुधा त्यांचं दार.

गॅलरीतल्या कुंड्या विसरू नका. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण असेल, तर त्याच्यातून झिरपणारा गोड चिकटा मुंग्यांना बारा महिने मिळत राहतो. रोज तिथे खानावळ चालू असताना तुमच्या आमिषाकडे कोण बघणार? शेंडे छाटा, साबणाच्या पाण्याने झाड धुवा आणि फांद्या ग्रिलला टेकत असतील तर मागे घ्या.

आमिष बनवा

बोरिक ऍसिडची पावडर औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती पावडरही बऱ्याचदा बोरिक ऍसिडच असते, पण डब्यावर तसं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

गोड आमिषासाठी १०० मि.ली. कोमट पाणी, दोन सपाट चहाचे चमचे साखर (साधारण १० ग्रॅम) आणि पाव चमचा, तोही सपाट, बोरिक ऍसिड (साधारण १ ग्रॅम). पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. म्हणजे विषाचं प्रमाण एक टक्का झालं. तेलकट आमिषासाठी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये लोण्यासारखं वाटलेलं शेंगदाण्याचं कूट चार मोठे चमचे, चिमूटभर साखर आणि तेवढंच, पाव चमचा, बोरिक ऍसिड.

इथे हात सैल सोडायचा मोह होतो. ‘जरा जास्त टाकलं तर लवकर मरतील.’ मरतीलच, पण तिथेच, कागदावर. आपल्याला मुंगी दोन-तीन दिवस जिवंत आणि धडधाकट हवी. ती आत जाऊन पोटातला रस दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीला, असं करत तो अळ्यांपर्यंत आणि राण्यांपर्यंत पोचतो. आमिषाच्या कडेला मेलेल्या मुंग्यांचा खच दिसला तर मिश्रण कडक झालं आहे. पाणी आणि साखर घालून सौम्य करा.

हे करायचा कंटाळा असेल तर बाजारात मुंग्यांसाठीची तयार जेल मिळतात. लेबलवर ‘मुंग्या’ असा उल्लेख आहे ना ते बघा. झुरळांचं जेल मुंग्या खातीलच याचा भरवसा नाही.

बोरिक ऍसिड सौम्य म्हणून ओळखलं जातं, तरी ते विषच आहे. रांगतं मूल, मांजर, कुत्रं घरात असेल तर आमिष उघडं ठेवूच नका. झाकणाच्या जुन्या प्लास्टिक डबीला खाली ३-४ मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा, आत भिजवलेला कापूस ठेवा, झाकण टेपने बंद करा आणि डबी जमिनीला किंवा भिंतीला टेपनेच चिकटवा. उरलेलं द्रावण बाटलीत भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि फ्रिजमध्ये नको, माळ्यावर ठेवा. मोजायला घेतलेला चमचा परत स्वयंपाकात आणू नका. कुणी खाल्लंच तर उलटी करवू नका, पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

ठेवा आणि हात आवरा

डबी रांगेच्या अगदी मधे नको. वाटेपासून चार बोटं बाजूला, पेन्सिलच्या खुणेच्या जवळात जवळ. ओट्यावर अन्नाशेजारी ठेवू नका. सिंकखाली, फ्रिजमागे, बोर्डाखालच्या कोपऱ्यात ठेवा. रांगा दोन-तीन ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी डबी. आजूबाजूचं बाकी सगळं खाद्य मात्र हटवा: तेलाच्या बरणीचा ओघळ, मधाच्या बाटलीचं चिकट बूड, मांजराच्या वाटीतलं उरलेलं, देवापुढचा कालचा नैवेद्य.

पहिल्या दिवशी गर्दी इतकी वाढेल की घरातली बाकीची माणसं तुम्हाला वेड्यात काढतील. ‘मुंग्या घालवतोय की पोसतोय?’ ही गर्दी हवीच आहे. रांग पुसू नका, फुंकर मारू नका, डबी हलवू नका. पाहुणे येणार असतील तर तारीख बघूनच काम काढा. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या सकाळी उठून फडकं फिरवतील आणि सगळी मेहनत मोरीत जाईल.

कापूस सुकला की मुंग्या फिरकत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी नवा भिजवा. उन्हाळ्यात रोजही लागेल. एक रात्र गेली तरी कुणी आलं नाही, तर गोडाऐवजी तेलकट ठेवून बघा. आमिषावर माती, केरकचरा टाकून त्यांनी ते बुजवलं असेल तर जागा थोडी बदला.

सगळं जुळलं तर तीन-चार दिवसांत रांग विरळ होते आणि आठ-दहा दिवसांत जवळपास थांबते. बहुतेकजण इथेच डबी फेकून देतात आणि महिनाभराने ‘परत आल्या’ म्हणतात. परत येत नाहीत, त्या आतच होत्या. अंड्यातली आणि कोशातली मुंगी काहीच खात नाही, त्यामुळे तिला विषही लागत नाही. फॅरो मुंगीला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. या उशिरा जन्मलेल्या मुंग्यांसाठी आणि एखादी राणी वाचली असेल तर तिच्यासाठी, रांग दिसत नसली तरी तेवढे दिवस ताजं आमिष ठेवायचं.

स्विचबोर्डात घर असेल तर

बोर्डात काहीही द्रव टाकायचा नाही, स्प्रे तर नाहीच, ओलं फडकंही नाही. बहुतेक वेळा प्लेटच्या बाहेरच्या कडेशी जेलचा मोहरीएवढा ठिपका किंवा खाली डबी एवढ्यावर भागतं. प्लेट उघडायचीच असेल तर मेन एमसीबी बंद करून, टेस्टरने तपासून, आणि हात बसलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच. आत पांढुरक्या, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी-अळ्यांचा पुंजका दिसला तर लगेच झटकायची घाई नको. आमिष चालू ठेवा, सगळं शांत झाल्यावर कोरड्या ब्रशने साफ करून घ्या. मुंग्यांमुळे स्विचच्या आतल्या पट्ट्या खराब होऊ शकतात. स्विच चरचरत असेल तर तो बदलाच.

टाइलमागे किंवा चौकटीमागे कोरडी पोकळी असेल आणि तिथे वायर नाही याची खात्री असेल, तर सॉसच्या निमुळत्या तोंडाच्या कोरड्या बाटलीत बोरिक ऍसिडची पावडर चमचाभर भरून फटीत हलकेच एक-दोनदा फुस् करता येते. पातळ थर हवा, ढीग पडला तर मुंग्या वळसा घालतात. नाकातोंडाला रुमाल बांधा. पण हे आमिषाचं काम संपल्यावर, उरल्यासुरल्यांसाठी. आधी केलंत तर त्या जागा सोडून जातील.

ओल शोधा

मुंग्या एकाच भिंतीवर वर्षानुवर्षं येत असतील तर ती भिंत ओली आहे का बघा. पलीकडे बाथरूम आहे का, रंगाला फोड आलेत का, भिंतीला पांढरी क्षारं फुटतात का? उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि पावसाळ्यात कोरड्या जागेसाठी त्या आत सरकतात. तरी बारमाही ओलसर आणि उबदार पोकळी मिळाली तर कुठल्याच ऋतूत हलत नाहीत. नहाणीच्या टाइलचे सांधे, कमोडच्या मागचा पाइप, सिंकखालच्या कपलिंगचं थेंबथेंब गळणं, हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचं काम टिकत नाही. वरच्या मजल्यावरून गळत असेल तर ती लढाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये, तिला माझ्याकडे आमिष नाही.

फटी बुजवणं सगळ्यात शेवटी

भोक दिसलं की एम-सील लावावंसं वाटतं. आत वसाहत जिवंत असताना तोंड बंद केलं तर त्या दुसरं शोधतात आणि तुमची पेन्सिलची खूण वाया जाते. सलग दोन-तीन आठवडे एकही मुंगी दिसली नाही आणि आमिषाचा काळ संपला, की मगच हे काम काढा. टाइलच्या सांध्याला ग्राउट किंवा पांढरं सिमेंट, ओटा आणि भिंतीच्या सांध्याला व खिडकीच्या फ्रेमला सिलिकॉन, भिंतीच्या चिरेला पुट्टी, पाइपाभोवतीच्या मोठ्या भोकाला सिमेंट. सांधा आधी खरवडून, झाडून, पूर्ण कोरडा करा. ओल्या सांध्यावर लावलेलं सिलिकॉन धरत नाही. कोकणातल्या चिऱ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत प्रत्येक फट बुजवणं शक्यच नाही. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर आमिष लावायचं, हाच वार्षिक कार्यक्रम समजा.

माणूस बोलवायचा तर

दोन महिने नेटाने करूनही रांगा येत असतील, किंवा वरच्या-खालच्या फ्लॅटमध्येही तोच त्रास असेल, तर वसाहत वायरिंगच्या आणि पाण्याच्या पाइपांच्या वाटेने दोन-तीन घरांत पसरलेली आहे. एकट्याने करून उपयोग नाही. शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात आमिष लावायचं, नाहीतर मिळून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं. त्याच्याकडे परवाना हवा, तो कीटकनाशक कायद्याखाली लागतो. पैसे ठरवायच्या आधी एकच विचारा: भिंतीतल्या मुंग्यांसाठी काय करणार? ‘जेल, आमिष, परत येऊन बघतो’ असं उत्तर आलं तर बोलणी पुढे न्या. ‘सगळीकडे फवारतो, वास नाही येणार’ असं म्हणाला तर दुसरा शोधा. आणि तो येणार त्या दिवशी ओटा घासून-पुसून ठेवू नका. रांग चालू असू द्या, नाहीतर त्याला दाखवायला काहीच उरणार नाही.